जुन्या बसला चौथरा नको, परवाना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जूनला एसटीचा वर्धापनदिन झाला. त्या निमित्तानं आपण पुरवणीत भंगारात निघालेल्या लाल गाड्यांचं मोठं छायाचित्र छापलंत. पाठोपाठ त्यावर एका वाचकाचं पत्रही आलं. यातली एक गाडी रंगवून रंकाळा तलावाच्या काठावर चौथऱ्यावर उभी करा, मुलांना इतिहास कळेल, असं त्यांनी सुचवलं आहे. त्यांची तळमळ खरी आहे. तरीही मी या सूचनेला विरोध करायला लिहिते आहे. जुन्या बस सांभाळून भाड्यानं देणं हा माझा धंदा आहे, आणि चौथऱ्यावर चढवलेल्या गाडीचं पुढं काय होतं ते मला ठाऊक आहे.

आमचं शेड कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. वडील बॉडी मेस्त्री होते. तेव्हा बस आजच्यासारखी कारखान्यातून काचा-खुर्च्या लावून येत नसे. जमशेदपूरहून टाटाची नाहीतर मद्रासकडून लेलँडची नुसती चॅसी, म्हणजे इंजिन-चाकांसह उघडा सांगाडा, यायची. फळीवर बसून, डोक्याला मफलर गुंडाळून ड्रायव्हर ती उघडी चॅसी शेकडो मैल हाकत आणायचा. मग इथं सागवानी चौकट चढायची, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, रिबिटांच्या रांगा, शेवटी पेंटर. वडिलांच्या हातच्या गाड्या मोडीत निघू लागल्या तेव्हा त्यांनी एक परत विकत घेतली. नंतर आम्हा भावंडांना ते व्यसनच लागलं.

आज शेडमध्ये चार चालत्या बस आहेत आणि दोन नुसत्या उभ्या. सगळ्यांत जुनी टाटा मर्सिडीज-बेंझ, आमच्या भाषेत ‘नाकाडी’, कारण तिचं बॉनेट पुढं आलेलं आहे. एका साखर कारखान्यानं तिच्यातून वर्षानुवर्षं कामगार नेले, मग आवारात झुडपांत टाकून दिली. तिच्या जाळीवर तीन टोकांचा तारा अजून आहे. टाटांचा जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा चालला, तोवरच्या गाड्यांवर तो तारा असे. नवरदेवाची मित्रमंडळी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि ‘मर्सिडीजमधनं वरात’ म्हणून सगळीकडं पाठवतात. खोटं तरी कसं म्हणायचं! दुसरी लेलँड कॉमेट. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, रेक्झिनच्या गादीखाली. थंडीत त्या गरम गादीवर बसायला कशी भांडणं व्हायची, ते पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. उरलेल्या दोन ऐंशीच्या दशकातल्या टाटा. भाऊ इंजिनं बघतो. मी बुकिंग, ड्रायव्हर आणि कागदपत्रं बघते. तिन्हींत कागदपत्रं सगळ्यांत जड.

आता चौथऱ्याबद्दल. बस उभी राहिली की ती आतून मरायला लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजून धरतात. डिझेलच्या टाकीत पाणी जमतं, तळाला बुळबुळीत थर येतो, तो पंपात जातो. आणि मायको कंपनीचा जुना डिझेल पंप उघडून परत कॅलिब्रेशन करणारे हात आता मोजकेच उरलेत. ऑइल सील वाळून तडकतात. एकाच जागी भार घेऊन टायर चपटे पडतात. उंदीर वायरिंग खातात, मग गादीतला काथ्या. लाकडी बॉडीचं दुखणं आणखी वेगळं. पाणी छतातून गळतं असं लोकांना वाटतं, पण खरं पाणी मुरतं खिडकीच्या खालच्या पट्टीत. काच खाली सरकते त्या खाचेत पाऊस साचतो, तिथून तो खांबाच्या बुडात उतरतो. वरून रंग चकचकीत असतो आणि आत बोटानं कुस्करावं असा भुसा झालेला असतो. चालत्या गाडीत हे लगेच कळतं, कारण बॉडी करकरायला लागते आणि ड्रायव्हर बोंब मारतो. चौथऱ्यावरची गाडी करकरत नाही. रंकाळ्याच्या काठची दमट हवा आणि आपला पाऊस धरला तर तीन-चार पावसाळ्यांत तिचं काय होईल हे सांगायला मेस्त्री लागत नाही. त्याआधीच काचा फुटलेल्या असतील, आणि स्टीअरिंगला लोंबकळणाऱ्या पोरांच्या भीतीनं दाराला साखळदंड लावलेला असेल.

म्हणून आम्ही पावसाळ्यातही, भाडं नसलं तरी, दर आठवड्याला प्रत्येक गाडी गरम होईपर्यंत हलवतो. जिला रस्त्यावर न्यायची मुभा नाही ती शेडच्या आवारातच पुढं-मागं होते. खंडेनवमीला पूजा होते ती धुऊन-पुसून ठेवलेल्या गाड्यांची नाही, तेल लागलेल्या गाड्यांची.

हे सगळं करायला पैसा लागतो आणि तो गाडीनंच कमवावा लागतो. आमच्याकडं जहागीर नाही. धंदा चालतो तो तुळशीच्या लग्नापासून पुढं, लग्नसराई संपेतोवर. वऱ्हाड न्यायला आता एसी कोच सगळ्यांना मिळतो, पण नवरा-नवरीला हॉलवर न्यायला जुनी बस हवी असते. शाळेच्या जुन्या वर्गांची संमेलनं येतात. साठीतली माणसं गाडीत चढली की पहिली पाच मिनिटं ‘आमदारांसाठी राखीव’ पाटीखालच्या जागेवरनं दंगा घालतात. मग कुणीतरी घंटीची दोरी ओढतो, ‘डबल बेल’ होते आणि गाडी जोतिबाच्या नाहीतर पन्हाळ्याच्या रस्त्याला लागते. मग चित्रीकरणं. मोरेवाडीच्या चित्रनगरीमुळं हे काम घरबसल्या येतं. तिथं एकदा सत्तरच्या दशकातली कथा म्हणून गाडी मागितली आणि पाटी मात्र संगणकावर छापून आणली होती. आमच्या पेंटरनं ती बाजूला ठेवली आणि कुंचल्यानं ‘कोल्हापूर–गगनबावडा, मार्गे कळे’ असं लिहून दिलं. त्यांना ते इतकं आवडलं की जाताना ती पाटीच घेऊन गेले. (पाटीचे पैसे अजून यायचे आहेत.)

आमच्या गाड्यांना आम्ही महामंडळाचा लाल रंग देत नाही. निळा आणि दुधी देतो. तरी फसगत होतेच. मागं गगनबावडा रस्त्यावर कळ्याच्या पुढं एका आज्जींनी हात केला. आत शाळासोबत्यांचं भाडं होतं, दारात गर्दी बघून त्यांना येष्टीच वाटली. “गाडी थांबीव की रं, कवापास्नं हुभी हाय!” करार वाहतुकीच्या परवान्यावर वाटेत प्रवासी घेता येत नाही, हे आमच्या पोरानं उतरून समजावलं. आज्जी म्हणाल्या, “मग कशाला असली गाडी फिरीवताय?” प्रश्न चोख होता. उत्तर द्यायला मागून खरी एसटी आली.

आता मूळ दुखणं. वाचकांना वाटत असेल, जुन्या गाड्यांसाठी सरकारनं कायदा केलाय की. केलाय, २०२१ च्या जुलैमध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी कलमं आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. बातमी वाचून भावानं पेढे आणले होते. मी राजपत्र आणलं. व्याख्या बघा: दुचाकी आणि खासगी चारचाकी मोटारी, त्याही फक्त वैयक्तिक वापराच्या. बस त्या व्याख्येत बसतच नाही. आणि ज्या बसतात त्यांनाही रस्त्यावर यायचं ते प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, इंधन भरायला नाहीतर दुरुस्तीला. भाडं घ्यायला बंदी.

म्हणजे एखाद्या धनिकानं गॅरेजमध्ये जपलेली रोल्स-रॉइस हा वारसा, आणि ज्या गाडीतून निम्म्या जिल्ह्याची पोरं कॉलेजला आली, जिच्या टपावर आंब्याच्या पेट्या आणि लग्नाची भांडी गेली, जी मुक्कामाला गावात थांबायची म्हणून पहाटे दवाखान्यात पोचता यायचं, ते भंगार. कोल्हापूरकराला हा भेद पटकन कळावा. दरवर्षी दसरा चौकात सोनं लुटायला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. ती दिसली की लोक टाचा उंचावून बघतात, मीही बघते. ती गाडी आजही स्वतःच्या चाकांवर येते म्हणून तर तो थाट आहे; ट्रेलरवर चढवून आणली असती तर कुणी इतका जीव टाकला असता का? त्या मेबॅकला मान आहे तो राहूच दे. पण चौकात जमलेल्यांतले बहुतेकजण तिथवर ज्या गाडीनं आले, तिचीही एखादी बहीण जिवंत राहायला काय हरकत आहे?

आमच्या चारपैकी दोघींनाच आज भाड्यानं रस्त्यावर जायची मुभा आहे, ऐंशीच्या दशकातल्या टाटांना. नाकाडी आणि कॉमेट अडकून पडल्यात. नाकाडी चालते, ब्रेक धरते, धूर सोडत नाही. पण लग्नाला जाते ती दुसऱ्या ट्रकच्या लोबेडवर बसून. मंगल कार्यालयाच्या दारात उतरवायची, फोटो झाले की परत चढवायची. लोबेडचं भाडं गाडीच्या भाड्याच्या उरावर. दोघी कोणत्या परिवहन कार्यालयात अडकल्यात ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांचा दोष मला दिसत नाही. संगणकाच्या यादीत गाडीचं नाव सापडत नाही, तक्त्यात तिचा रकाना नाही. एका साहेबांनी बस-बॉडीच्या आजच्या मानकाचं, म्हणजे एआयएस-०५२ चं, प्रमाणपत्र मागितलं. ज्या बॉडीला माझ्या वडिलांनी करवत लावली तेव्हा ते मानक जन्मालाही आलं नव्हतं. वेग नियंत्रकाचं तर हसूच येतं. व्यावसायिक गाडीला ताशी ८० किलोमीटरवर रोखणारं यंत्र बसवा म्हणतात. बसवते. पण नाकाडीला ८० वर नेऊन दाखवणारा ड्रायव्हर मिळाला तर त्याचा सत्कार मी स्वतः करीन.

ज्या दोन गाड्यांना परवाना आहे त्यांचं ओझंही हलकं नाही. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला राज्याचा पर्यावरण कर आहे. पंधरा वर्षांवरच्या बसच्या योग्यता तपासणीचं शुल्क केंद्रानं १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपयांवर नेलं होतं. वर्षभर रोज फेऱ्या मारणाऱ्या गाडीला आणि महिन्यातून चारदा जोतिबाला जाऊन येणाऱ्या गाडीला एकच माप. विमा घ्यायला गेलं की तिऱ्हाइताचा विमा मिळतो, कारण तो कायद्यानं द्यावाच लागतो. गाडीचा स्वतःचा विमा मागितला की समोरचा माणूस वर्ष बघतो आणि फाइल मिटतो. त्याच्या लेखी तिची किंमत शून्य. २०१९ च्या महापुरानंतर असे विमे काढायला मी पुष्कळ ठिकाणी फिरले.

छायाचित्रातल्या लाल गाड्यांकडं येते. त्यातली एक चौथऱ्यावर ठेवा म्हणणाऱ्यांना बहुधा माहीत नसावं की महामंडळाला ते ठरवण्याची फारशी मोकळीकच उरलेली नाही. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिकांच्या आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणीच पुढं चालू राहत नाही. त्या नोंदणीकृत मोडणी केंद्रात जायच्या. रस्ते सुरक्षित व्हावेत, धूर कमी व्हावा म्हणून केलेला नियम. त्याला माझा विरोध नाही. एसटीची रोजची गाडी पंधरा वर्षांत अशी पिळून निघते की तिला निवृत्ती द्यावीच. पण त्या नियमात संरक्षण दलांच्या खास गाड्यांना सूट आहे. म्हणजे सूट कशी द्यायची हे सरकारला येतं. प्रत्येक बनावटीची एक, फक्त एक गाडी वारसा म्हणून वगळायला किती ओळी लागतील?

न वगळल्यामुळं काय गेलं ते बघा. १ जून १९४८ ला पुणे–नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली ती बेडफर्ड होती, लाकडी बॉडीची, तीस आसनांची. माझ्या शेडमधल्या दोन उभ्या गाड्यांतली एक बेडफर्डची चॅसी आहे. तिच्यावर तशी बॉडी बांधायची म्हणून आम्ही मापं शोधतोय आणि छायाचित्रांवर भिंग धरून खिडक्या मोजतोय. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडसाठीच्या गाड्या महामंडळानं घेतल्या आणि लोकांनी त्या निमआराम गाडीचं नावच ‘एशियाड’ पाडलं. आजही स्टँडवर म्हातारी माणसं ‘एशियाड किती वाजता?’ म्हणून विचारतात. त्या पहिल्या गाड्यांतली एखादी चालू अवस्थेत कुठं असेल तर मला ती बघायची आहे. मुंबईत १९३७ पासून दुमजली बस होत्या. बेस्टची शेवटची जुनी डिझेल दुमजली १५ सप्टेंबर २०२३ ला निघाली तेव्हा लोकांनी हार घातले, सेल्फी काढले, डोळे पुसले. आपण निरोप छान देतो.

लंडनची लाल रूटमास्टर सगळ्यांनी चित्रात पाहिलेली असते. १९५४ ते १९६८ या काळात अशा २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या. त्यांची नेहमीची सेवा ९ डिसेंबर २००५ ला १५९ क्रमांकाच्या मार्गावर संपली. त्यानंतर कितीतरी गाड्या खासगी माणसांच्या हातात जगल्या, आणि जगल्या त्या भाड्यावर. लग्नं, सहली, चित्रीकरणं, म्हणजे आमचीच कामं. आपण तिथलं उचलायचं म्हटलं की फक्त कौतुक उचलतो, म्हणून नियमही सांगते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरची बस नुसती हौसेखातर ठेवली तर वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते. पैसे घेऊन माणसं बसवायची तर ती सूट नाही. तिथं धंद्याचा परवाना लागतो आणि दरवर्षी तपासणी लागते. मला हे अगदी मान्य आहे. मी तपासणीतून सूट मागत नाही. तपासणी हवीच, पण ती गाडीच्या काळाच्या मापानं व्हावी.

सुरक्षिततेची शंका काढणाऱ्यांचा मला राग येत नाही. जुन्या गाडीत पॉवर स्टीअरिंग नाही, गिअरबॉक्स असा की डबल क्लच मारल्याशिवाय खालचा गिअर पडत नाही. घाट उतरताना नवा पोरगा भलत्या वेळी गिअर काढून बसला तर इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनर तापले की ब्रेक पातळ होतात, नीट धरत नाहीत. म्हणून आमचे नियम कायद्यापेक्षा कडक आहेत. करूळ, भुईबावडा, आंबा, फोंडा, आंबोली हे घाट आमच्या गाड्या उतरत नाहीत, कितीही पैसे दिले तरी. गगनबावड्याला जाते ती माथ्यापर्यंत, कोकण वरूनच बघायचं आणि परतायचं. रात्रीचा प्रवास नाही. राष्ट्रीय महामार्गाला शक्यतो लागायचं नाही. उभ्यानं प्रवासी नाहीत. टपावर कुणी चढायचं नाही. यावरनं नवरदेवाच्या मित्रांशी दर लग्नात वाद होतो आणि दर वेळी मी जिंकते. प्रत्येक भाड्याआधी चारी ड्रम उघडून लायनर बघितले जातात. धुराचं म्हणाल तर बीएस-४ मानकाच्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ हार्ट्रिजची मर्यादा आहे; हार्ट्रिज म्हणजे धुराच्या काळेपणाचं माप. पंप आणि नोझल नीट असतील तर माझी कॉमेट त्यात बसते. रस्त्यावर काळा लोट सोडणाऱ्या गाड्यांकडं बघा, त्यातल्या किती जुन्या असतात आणि किती नुसत्या आजारी, ते मोजा.

ड्रायव्हर हा मात्र खरा घोर आहे. आमच्याकडचे मामा महामंडळातून निवृत्त झालेले. गिअर टाकताना त्यांचा हात हलतो की नाही कळत नाही, गाडीला कळतं. पण ते आणखी किती वर्षं येणार? तरुण पोरं येतात, दोनदा क्लच दाबायचा म्हटलं की हसतात आणि मोबाइल काढतात. आता एक पोरगी शिकते आहे, ट्रॅक्टर चालवत आलेली. मामा तिला सोडून बाकी कुणाला स्टीअरिंग देत नाहीत.

आणि हे काम कोल्हापुरात व्हायला हवं, असं मी उगाच गावाच्या अभिमानानं म्हणत नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथं बनवला हे आपण प्रत्येक भाषणात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. ती कारागिरी अजून उद्यमनगरात आहे, फक्त तिला भाषणात कुणी बोलवत नाही. कॉमेटच्या पाण्याच्या पंपाची बॉडी फुटली तेव्हा बाजारात ती मिळणं शक्यच नव्हतं. एका म्हाताऱ्या पॅटर्नमेकरनं तुटलेले तुकडे जुळवून लाकडी पॅटर्न केला. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, ते धरून तो किंचित मोठा ठेवला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत दुसऱ्या मालाच्या खेपेत आमचे चार नग ओतून घेतले आणि गल्लीतल्याच लेथवर ते तासले. किंगपिनचे बुश, स्प्रिंगपाट्यांच्या पिना, दाराच्या बिजागऱ्या, सगळं याच वस्तीत होतं. चार नग का, तर एक लावायला, एक ठेवायला आणि दोन परगावच्या अशाच वेड्यांना द्यायला. ही माणसं साठ-सत्तरीत आहेत. त्यांच्या हाताखाली पोरं यायची तर वर्षभर काम हवं. एका बाईच्या चार गाड्यांवर ते भागत नाही.

म्हणून माझं मागणं चौथऱ्याहून स्वस्त आहे. व्हिंटेजच्या व्याख्येत बस घ्या. तिला मर्यादित भाड्याची वेगळी नोंदणी द्या: वर्षात ठरावीक दिवस, ठरावीक अंतर, दिवसाउजेडी, घाट वगळून, वार्षिक तपासणीसह. मर्यादा सरकारनं ठरवावी, माझ्याहून कडक ठरवली तरी चालेल. महामंडळाच्या मोडीत निघणाऱ्या गाड्यांतून प्रत्येक बनावटीची एक वगळून ती चालू स्थितीत ठेवायची तरतूद करा. महामंडळाला जमत नसेल तर बोली लावून सांभाळणाऱ्याला द्या, अट घाला की ती दर महिन्याला चालली पाहिजे. आणि एसटीच्या पुण्यातल्या दापोडी कार्यशाळेत जुन्या बॉड्यांचे जे आराखडे असतील ते रद्दीत जाण्याआधी त्यांच्या प्रती काढू द्या. एवढ्या एका गोष्टीसाठी मी स्वतःच्या खर्चानं पुण्याला यायला तयार आहे, प्रतींचे पैसेही भरते.

पहिल्या तीन गोष्टी केंद्राच्या अखत्यारीतल्या आहेत. नियमदुरुस्तीचा मसुदा निघतो तेव्हा हरकती-सूचना मागवतात, पण आधी मसुदा तर निघायला हवा. आपल्या जिल्ह्यातल्या खासदारांनी अधिवेशनात एक प्रश्न विचारला तरी सुरुवात होईल. प्रश्नाचा मजकूर आणि व्याख्येत नेमके कोणते शब्द घालायचे ते मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलंय, दोन पानांत बसतं. मागतील त्यांना पोचतं करीन.

आपली,
जुन्या बसगाड्यांची एक मालकीण,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर